पहिलं फेशियल: करायचं का, केव्हा, आणि बेडवर झोपल्यावर काय सांगायचं

स्पाचं मेन्यू कार्ड पहिल्यांदा हातात आलं की माणूस नावांतच अडकतो. गोल्ड, डायमंड, ऑक्सिजन, हायड्रा, व्हिटॅमिन सी, अँटी-एजिंग. नावं विसेक असली तरी आत होणारी कामं सहा-सातच असतात आणि बहुतेक ठिकाणी त्याच क्रमाने होतात. त्यामुळे कोणतं फेशियल घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात: तुम्हाला त्यातून काय हवंय, आणि तुमची त्वचा या आठवड्यात ते सोसण्याच्या अवस्थेत आहे का. पहिल्या फेशियलनंतर चेहरा बिघडला तर कारण बहुधा या दोन्हींपैकी एकात सापडतं.

तासाभरात काय काय होतं

साधं फेशियल ६० ते ७५ मिनिटांचं असतं. सुरुवातीला विचारपूस आणि भिंगाच्या दिव्याखाली त्वचेची पाहणी. मग क्लिन्झिंग. मग मृत पेशींचा वरचा थर काढणं, हे दाणेदार स्क्रबने होतं, एन्झाइमच्या लेपाने होतं किंवा सौम्य ॲसिडने. त्यानंतर ५ ते ८ मिनिटं वाफ, १० ते १५ मिनिटं ब्लॅकहेड्स काढणं, १५ ते २० मिनिटं मसाज, १० ते १५ मिनिटं पॅक, आणि शेवटी टोनर, मॉइश्चरायझर, दिवस असेल तर सनस्क्रीन. यातला लांबलचक मसाज गाळला की त्याला क्लीनअप म्हणतात. तो अर्ध्या-पाऊण तासात उरकतो.

वाफेने रोमछिद्रं उघडतात आणि थंड पाण्याने बंद होतात, असं सर्रास सांगितलं जातं. रोमछिद्रांना स्नायू नसतात, त्यामुळे त्यांची अशी उघडझाप होत नाही. वाफेने वरचा थर ओलावून मऊ होतो आणि आत घट्ट बसलेलं सीबम, म्हणजे त्वचेतलं तेल, सैल पडतं, म्हणून ते कमी जोर लावून निघतं. म्हणूनच १० मिनिटांपेक्षा जास्त वाफ घेऊन फायदा वाढत नाही, लाली मात्र वाढते.

चेहऱ्यावर येणारा तजेला खरा असतो, पण तो कशाचा आहे हे समजून घ्या. मृत पेशी निघाल्यामुळे पृष्ठभाग सपाट होतो आणि उजेड एकसारखा परावर्तित होतो. पॅक आणि क्रीममुळे वरच्या थरात पाणी धरून राहतं, बारीक रेषा भरल्यासारख्या दिसतात. मसाजने रक्तप्रवाह वाढतो, डोळ्यांखालची सूज थोडी उतरते. गुलाबीपणा काही तासांत जातो आणि भरलेपणा एक-दोन दिवसांत ओसरतो. गुळगुळीतपणा त्याहून थोडा जास्त टिकतो, कारण तरुण त्वचेचा वरचा थर साधारण ४ आठवड्यांनी पूर्ण बदलतो. वय वाढेल तसा हा काळ लांबतो.

आता जे होत नाही त्याबद्दल. त्वचेचा सर्वात बाहेरचा थर ही भक्कम भिंत आहे. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू अखंड त्वचेतून सहसा आत जात नाहीत, असा औषधशास्त्रातला ढोबळ नियम आहे. कोलॅजनचा रेणू साधारण ३,००,००० डाल्टनचा असतो. म्हणजे कोलॅजनचा मास्क चेहऱ्यावर ओलावा धरून ठेवेल, पण त्वचेतलं कोलॅजन वाढवणार नाही. सोन्याच्या वर्खाचंही तसंच. तो चेहऱ्यावर चमकतो आणि पुसला की कापसावर येतो. वांग, मुरमांचे खड्डे, कपाळावरच्या खोल सुरकुत्या, हनुवटीवर दर महिन्याला येणाऱ्या दुखऱ्या गाठी, यांपैकी कशावरही फेशियल हा उपाय नाही. गोरेपणा हा तर विषयच सोडून द्या. त्वचेचा मूळ रंग एका तासात बदलतो असं कुणी सांगत असेल, तर त्या ठिकाणी बाकीच्या गोष्टीही तशाच सैलपणे सांगितल्या जात असणार.

पायरी १: अपेक्षा एका वाक्यात लिहा

कागदावर किंवा फोनमध्ये एकच वाक्य लिहा: मला यातून अमुक हवं आहे.

‘एक तास शांत पडून राहायचंय, चेहऱ्याला मसाज हवाय’ असं लिहिलं असेल तर फेशियल तुमच्यासाठीच आहे. ‘चेहरा निस्तेज, कोरडा वाटतो’, तरीही चालेल. पण साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि रोज सनस्क्रीन हे तिन्ही तुम्ही वापरत नसाल तर आधी ४ ते ६ आठवडे तेवढंच करून बघा. अनेकांची तक्रार तिथेच मिटते, आणि नाही मिटली तर फेशियलला गेल्यावर त्वचा निदान सुस्थितीत असते.

‘नाकावरचे काळे ठिपके कायमचे जावेत’ या अपेक्षेने मात्र जाऊ नका. नाकावर रांगेने दिसणारे करडे, बारीक ठिपके बऱ्याचदा ब्लॅकहेड्स नसतातच. सीबम बाहेर आणणाऱ्या नलिकांतला तो नेहमीचा भरणा असतो; दाबून काढला तरी महिनाभरात पुन्हा भरतो. खरा ब्लॅकहेड त्याहून मोठा, गडद आणि एकटा-दुकटा असतो, आणि तो कुशल हाताने काढून घेण्यात अर्थ आहे. सगळ्या चेहऱ्यावर बंद, पांढरट पुटकुळ्या असतील तर त्यावर ॲडापलीनसारखं औषध ८ ते १२ आठवडे लावल्याने जे साधतं ते दहा फेशियल्सनी साधत नाही. तिथे पैसे त्वचारोगतज्ज्ञाकडे खर्च करा.

‘डाग जावेत’, ‘मुरमं जावीत’ असं वाक्य असेल तर उत्तर तूर्त नाही असंच आहे.

पायरी २: आजचा चेहरा आरशात नीट पाहा

खिडकीजवळ, मेकअपशिवाय. खालीलपैकी काहीही असेल तर तारीख पुढे ढकला.

लाल, दुखरी, पू असलेली मुरमं एक-दोनपेक्षा जास्त असतील तर थांबा. मसाजचा घर्षणदाब आणि तेलकट क्रीम दोन्ही त्यांना मानवत नाहीत. त्यातून कुणी ती दाबली तर नलिकेची भिंत आतल्या आत फुटते, सूज खोल पसरते आणि मागे खड्डा किंवा काळा डाग राहतो. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेला हे जास्त लागू आहे. अशा त्वचेत साध्या ओरखड्यानंतरही रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि तो डाग फिकट व्हायला काही महिने लागू शकतात. पुटकुळी आठवड्यात गेली असती, डाग राहतो.

ओठांच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका असेल, तर तो बहुधा हर्पिसचा विषाणू असतो. फोड सुकून खपली पडेपर्यंत चेहऱ्याला कुणालाही हात लावू देऊ नका. चोळल्याने तो तुमच्याच चेहऱ्यावर इतरत्र पसरू शकतो. चामखिळी, विशेषतः कपाळावर किंवा गालावर चपट्या बारीक, असतील तरी हेच.

गाल आणि नाक वारंवार लाल होऊन तापत असतील, गरम पेय किंवा उन्हाने ते भडकत असेल, तर रोझेशिया हा त्वचेचा विकार असू शकतो. वाफ आणि जोराचा मसाज त्याला चिथावतात. वांग असेल तर उष्णता आणि घासणं दोन्ही टाळलेलं बरं. उन्हाने चेहरा भाजला असेल, एक्झिमाचे चट्टे असतील, कुठे त्वचा सोललेली असेल, तर ती पूर्ण भरेपर्यंत थांबा.

आणखी एक गोष्ट अनेकजण सांगायला संकोचतात: गोरं करणारं क्रीम. नाव-पत्ता नसलेल्या अशा क्रीममध्ये स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. महिनोन्‌महिने वापरलं की त्वचा पातळ होते आणि एक दिवस लावलं नाही तरी जळजळते. अशा चेहऱ्यावर स्क्रब किंवा ॲसिड पडलं तर हाल होतात. आधी डॉक्टर, फेशियल पुष्कळ नंतर.

पायरी ३: औषधं आणि उपचारांचा हिशेब

तारीख ठरवण्याआधी मागे मोजा. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, रेटिनॉल हे रेटिनॉइड गटातलं काही लावत असाल तर ५ ते ७ दिवस आधी थांबवायचं (डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांना विचारून). ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक ॲसिड आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ३ दिवस आधी. चेहऱ्याचं वॅक्सिंग झालं असेल तर मध्ये एक आठवडा जाऊ द्या, थ्रेडिंगला २-३ दिवस. दाढी करणाऱ्यांनी ती आदल्या दिवशी करावी. त्याच सकाळी केली तर सूक्ष्म कापांवर ॲसिड चुरचुरतं. बोटॉक्स किंवा फिलर घेतलं असेल तर निदान २ आठवडे चेहरा दाबून घ्यायचा नाही.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर स्क्रब, पील (ॲसिडने वरचा थर सोलून काढणं) आणि वॅक्स टाळा. या औषधाने त्वचा कोरडी आणि नाजूक होते, सहज सोलते. बरेच डॉक्टर गोळी संपल्यावरही ६ महिने थांबायला सांगतात.

गरोदरपणात साधं फेशियल सहसा चालतं. रेटिनॉइड, तीव्र ॲसिड पील आणि विजेवर चालणारी उपकरणं वगळा, आणि पोट दिसायला लागल्यावर तासभर उताणं न झोपता पाठीमागे उशा घेऊन अर्धवट बसतं राहा. पेसमेकर असणाऱ्यांनी गॅल्व्हॅनिक, मायक्रोकरंट किंवा हाय फ्रिक्वेन्सी हे विजेच्या प्रवाहाचे प्रकार घेऊ नयेत. दमा असेल तर वाफेच्या यंत्राचं ओझोनचं बटण बंद ठेवायला सांगा आणि वाफेत सुगंधी तेल नको म्हणा.

पायरी ४: तारीख

समारंभाच्या आदल्या दिवशी आयुष्यातलं पहिलं फेशियल, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तुमची त्वचा कशी वागेल हे अजून कुणालाच ठाऊक नसतं. ॲलर्जी २४ ते ७२ तासांत दिसते, पण तेलकट मसाज क्रीमने तुंबलेल्या नलिकांच्या पुटकुळ्या वर यायला २-३ आठवडे लागतात. त्यामुळे पहिलं फेशियल महत्त्वाच्या दिवसाच्या किमान ४ ते ६ आठवडे आधी. ते मानवलं, तर तेच, तिथेच, त्याच हातून समारंभाच्या ५-६ दिवस आधी पुन्हा घ्या. त्या वेळी नवीन काही नको, मेन्यूवर कितीही मोह पडला तरी.

शक्यतो संध्याकाळची वेळ घ्या. बाहेर पडल्यावर ऊन लागत नाही आणि रात्रभर त्वचेला निवांतपणा मिळतो.

पायरी ५: जागा कशी पारखायची

फोनवर चार प्रश्न विचारा. ब्लॅकहेड्स काढायला काय वापरता आणि ते निर्जंतुक कसं करता? पॅच टेस्ट करून देता का? माझी त्वचा अमुक आहे, तर कुठलं फेशियल सुचवाल? फेशियलमध्ये ब्लीच धरलेलं आहे का?

पहिल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर असं: सुई दरवेळी नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडतो, धातूचं उपकरण ऑटोक्लेव्हमध्ये जातं. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने, १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटांत, जंतू आणि त्यांचे बीजाणूही मरतात. निळा दिवा असलेली अतिनील पेटी त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रकाश जिथे पोचतो तिथेच काम करतो. फटीत, सावलीत, वाळलेल्या सीबमखाली नाही. ती पेटी स्वच्छ झालेली उपकरणं ठेवायला ठीक.

प्रत्यक्ष गेल्यावर बघायच्या गोष्टी: टॉवेल आणि उशीचा अभ्रा तुमच्यासाठी बदलला का, हात धुतले का, ब्लॅकहेड्स काढताना हातमोजे घातले का, आणि क्रीमच्या मोठ्या बरणीत बोटं घालतात की स्वच्छ चमच्याने वाटीत काढून घेतात. बरणीतली बोटं दिसली तर उठून या. पैसे दिले असले तरी.

पॅच टेस्ट अशी: मसाज क्रीम आणि पॅक यांचा वाटाण्याएवढा भाग कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावायचा. पॅक सुकला की धुवायचा, क्रीम तसंच राहू द्यायचं, आणि ४८ तास बघायचं. खाज, लाल चट्टा, बारीक पुरळ आलं तर ते उत्पादन तुमच्यासाठी नाही. सुगंध, प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंक), लॅनोलिन (लोकरीतलं मेण), बदामाचं तेल, लॅटेक्सचे हातमोजे, यांपैकी कशाची ॲलर्जी आधीच माहीत असेल तर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं मसाजच्या वेळेपर्यंत विसरलं जातं.

निवड करताना पहिल्या वेळी सगळ्यात साधं घ्या. तेलकट किंवा पुटकुळ्यांच्या त्वचेला क्लीनअप किंवा तेलविरहित जेल वापरणारं फेशियल. कोरड्या त्वचेला ओलावा देणारं, मसाजसहित. नाजूक त्वचेला वाफ आणि स्क्रब दोन्ही वगळलेलं. पील, मायक्रोडर्माब्रेजन (यंत्राने त्वचा घासणं), ब्लीच या जोडण्या पहिल्या दिवशी नकोत. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते चेहऱ्यावरची लव फिकट करतं म्हणून चेहरा उजळ भासतो. स्क्रबने नुकत्याच सोललेल्या त्वचेवर ते लावलं तर भाजल्यासारखी जळजळ होते. एकाच दिवशी चार गोष्टी केल्या आणि चेहरा बिघडला तर कशाने बिघडला हेही कळत नाही.

पायरी ६: बेडवर

कॉन्टॅक्ट लेन्स, कानातलं, साखळी काढून ठेवा. केस पट्ट्याने मागे. सुरुवातीलाच तीन वाक्यं बोला: माझं पहिलंच फेशियल आहे, प्रत्येक गोष्ट लावण्याआधी सांगा, जळलं तर मी हात वर करेन, लगेच पुसून टाका.

हलकी चुणचुण एक-दोन मिनिटांत ओसरते, ती चालते. वाढत जाणारी जळजळ चालत नाही. ‘म्हणजे ते काम करतंय’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. गार पाण्याने धुवायला लावा. वाफेचं तोंड चेहऱ्यापासून हातभर लांब असावं आणि यंत्र चेहऱ्यासमोर आणण्याआधी वाफ नीट सुरू झालेली असावी, नाहीतर सुरुवातीला गरम पाण्याचे थेंब उडतात.

ब्लॅकहेड्स काढताना थोडं दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, विशेषतः नाकाच्या कडेला. एका जागी दोन-तीन हलक्या प्रयत्नांत जे निघत नाही ते पिकलेलं नाही, सोडून द्यायचं. रक्त येईपर्यंत दाबू देऊ नका. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या पुवाळलेल्या पुटकुळीला तर कुणालाच हात लावू देऊ नका. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी येतो आणि संसर्ग आत जाणं दुर्मीळ असलं तरी गंभीर असतं. नको असेल तर ही पायरी संपूर्ण गाळता येते. फेशियल त्याविनाही पुरं होतं.

मसाजचा दाब डोळ्यांभोवती पिसासारखा हवा, गाल-जबड्यावर थोडा जास्त. कोंडल्यासारखं होत असेल तर डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि तोंडावरून जाणारा रबरी पॅक नाकारा.

पायरी ७: पुढचे तीन दिवस

पहिले २४ तास: मेकअप नाही, व्यायामाचा घाम नाही, पोहणं आणि सॉना नाही, चेहऱ्याला सारखा हात नाही. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. उशीचा अभ्रा धुतलेला. पुढचे ३ ते ५ दिवस रेटिनॉइड आणि ॲसिडं बंदच. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि उन्हात असाल तर दर २ तासांनी पुन्हा. वरचा थर पातळ झालेला असताना सनस्क्रीन टाळलं तर उजळपणाऐवजी काळवंडणं पदरात पडतं.

काय नेहमीचं आणि काय नाही, हे ओळखता आलं पाहिजे. ब्लॅकहेड्स काढलेल्या जागी लाली काही तास, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. एखाद-दुसरी पुटकुळी दोन दिवसांत वर येते, ती न दाबता सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज सुटून सगळीकडे चट्टे उठले तर ॲलर्जी समजा: सगळी उत्पादनं बंद, गार पट्ट्या, आणि वापरलेल्या उत्पादनांची नावं स्पाकडून मागून घेऊन डॉक्टरांकडे. पापण्या किंवा ओठ सुजले तर उशीर न करता जा. श्वासाला त्रास झाला तर थेट तातडीच्या उपचारांसाठी. पिवळट खपल्या, पसरत जाणारी दुखरी लाली, ताप हा संसर्ग आहे. घरगुती लेप लावत बसू नका.

‘घाण बाहेर पडतेय, अजून दोन फेशियल्स केली की थांबेल’ हे पुष्कळांना ऐकवलं जातं. रेटिनॉइड किंवा ॲसिड नियमित सुरू केल्यावर पहिले काही आठवडे पुटकुळ्या वाढू शकतात, हे खरं. एका मसाजनंतर ज्या भागात कधीच पुटकुळ्या येत नव्हत्या तिथे त्या उठल्या, तर ते क्रीम तुम्हाला मानवलेलं नाही. दुसरं फेशियल त्यावरचा इलाज नाही.

पुढच्या फेशियलचं ठरवायचं असेल तर जाण्याच्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि २१व्या दिवशी त्याच खिडकीत, त्याच वेळी एकेक फोटो काढा. पॅकेजची सवलत त्याच संध्याकाळी, चेहरा सगळ्यात छान दिसत असताना पुढे केली जाते. तिचं उत्तर २१व्या दिवसाचा फोटो पाहून द्या. चेहरा शांत राहिला असेल आणि तो तास तुम्हाला आवडला असेल, तर ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने एकेकच वेळ घेत राहा.